खोडव्यावरील व भुईमुगावरील केवडा : हिराकसाचा योग्य उपयोग

उसाची तोडणी होऊन महिना-दीड महिना लोटतो, खोडव्यास फूट चांगली येते, खताचा पहिला हप्ता व दोन-तीन पाण्याच्या पाळ्याही होतात, आणि नेमक्या त्याच सुमारास शेताच्या काही भागांतील कोवळी पाने पिवळी पडू लागतात. पुढे ती केवड्याच्या कणसातील पानांसारखी फिकट पांढरी दिसतात. नीरा, प्रवरा व गोदावरी या नद्यांच्या कालव्यांखालील भारी जमिनींत आणि विहीर बागायतीच्या चुनखडीयुक्त मळ्यांत हा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांस येतो. उन्हाळी भुईमुगात पीक तीन-चार आठवड्यांचे असता, आणि खरिपात झड लागली असता, असेच पिवळे पट्टे दिसतात. शेतकरी या विकृतीस केवडा म्हणतात. पिकास लोह न मिळाल्याने ती उद्भवते.

केवडा दिसताच बहुधा दोन उपाय केले जातात. पीक पिवळे म्हणजे नत्र कमी, असे समजून युरियाचा जादा हप्ता दिला जातो. आणि खत लागू पडावे म्हणून त्यापाठोपाठ पाणी दिले जाते. यांपैकी पहिल्या उपायाने पैसा वाया जातो व दुसऱ्याने केवडा वाढतो. खोडव्याच्या बाबतीत हे नुकसान विशेष आहे. फुटव्यांची संख्या ठरते ती पहिल्या अडीच-तीन महिन्यांत. त्या काळात पाने पांढरी राहिली तर त्यांत अन्न तयार होत नाही, फुटवे मरतात, आणि पुढे कितीही खत दिले तरी मेलेला फुटवा परत येत नाही. तोडणीच्या वेळी गाळपास जाणारे ऊसच कमी भरतात. म्हणून केवडा ओळखणे व त्यावर वेळीच योग्य उपाय करणे यास महत्त्व आहे.

जमिनीत लोह असूनही पीक उपाशी का?

महाराष्ट्राच्या पठारावरील काळी जमीन बेसाल्ट खडकापासून बनली आहे आणि या खडकात लोहाचे प्रमाण मोठे असते. अशा जमिनीत शेकडा चार भाग लोह धरले व एक हेक्टर क्षेत्रातील वीतभर थराचे वजन सुमारे २० लाख किलो धरले, तर त्या थरात ८० हजार किलो लोह आहे असा हिशेब निघतो. उसासारख्या मोठ्या पिकासही हंगामात अवघे काही किलो लोह पुरते. तेव्हा जमिनीत लोह नाही म्हणून केवडा पडतो, हे म्हणणे खरे नव्हे. लोह आहे, परंतु ते मुळांना उचलता येईल अशा विद्राव्य रूपात नाही.

यास कारण जमिनीचा सामू व तीतील मुक्त चुना. सामू एक अंकाने वाढला की जमिनीतील फेरिक रूपातील लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. सामू सातच्या आसपास असता जे लोह थोडेफार उपलब्ध असते ते सामू आठ किंवा साडेआठ झाला असता जवळजवळ नाहीसे होते. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे व बारीक चुना मिसळलेला असल्याने तिचा सामू सहसा आठच्या वर राहतो.

तरीही अशाच जमिनीत ज्वारी, हरभरा, ऊस ही पिके वर्षानुवर्षे येत आहेत, हे आपण पाहतो. वनस्पती आपल्या परीने लोह मिळवीत असते. भुईमूग, संत्रा, द्राक्ष यांची मुळे आम्ल सोडून आपल्या भोवतालची माती थोडी आम्लधर्मी करतात आणि लोहाचे विद्राव्य अशा फेरस रूपात परिवर्तन करून ते आत घेतात. ऊस, मका, ज्वारी व हरळी ही गवताच्या कुळातील पिके दुसरी युक्ती योजतात. त्यांची मुळे लोहास पकडून ठेवणारे द्रव्य मातीत सोडतात व पकडलेल्या लोहासह ते परत शोषून घेतात. चुनखडीच्या जमिनीत हे काम वाफसा असेपर्यंत चालते. परंतु जमीन सतत ओली राहिली की मुळांच्या व जीवाणूंच्या श्वसनाने निर्माण होणारा कर्बाम्ल वायू बाहेर पडत नाही. तो पाणी व चुना यांच्याशी संयोग पावून बायकार्बोनेट तयार होते. हे बायकार्बोनेट मुळांनी सोडलेले आम्ल निष्प्रभ करते. शिवाय हवेअभावी मुळांची वाढ खुंटते ती वेगळीच. केवडा सखल जागी, पाटाच्या कडेला व पाणी साचणाऱ्या सऱ्यांत आधी का दिसतो, याचे उत्तर यात आहे.

भाताच्या खाचरात मात्र पाणी साठवल्याने लोह अधिक उपलब्ध होते, ही शंका जाणता शेतकरी काढील. ती योग्यच आहे. खाचरात हवा मुळीच न राहिल्याने लोहाचे फेरस रूपात परिवर्तन होते, आणि भाताच्या मुळांत हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असल्याने ती मुळे अशा जागी तग धरतात. ऊस व भुईमूग यांची मुळे अशा चिखलात काम करीत नाहीत. कोकणातील जांभ्या जमिनी तर मुळातच आम्लधर्मी व लोहसंपन्न आहेत. तेथे हिराकस देण्याचे प्रयोजन नाही.

खोडव्यात केवडा लागणीपेक्षा अधिक का, हेही येथे सांगितले पाहिजे. तोडणीनंतर जुन्या मुळांचे काम मंदावते व नव्या फुटव्यांची स्वतःची मुळे सुटण्यास वेळ लागतो. हिवाळ्यात तुटलेल्या उसाच्या खोडव्यात थंडीमुळे हा काळ लांबतो. वर फूट जोरात व खाली मूळ अपुरे, अशा अवस्थेत लोहाची टंचाई प्रथम जाणवते. नवी मुळे सुटल्यावर आणि ऊन वाढल्यावर सौम्य केवडा पुष्कळदा आपोआप जातो. ही गोष्ट गावपातळीवरील कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावी, नाहीतर निसर्गाने केलेल्या कामाचे श्रेय फवाऱ्यास दिले जाते.

पिवळेपणाची पारख

केवडा हा शब्द आपल्याकडे सैलपणे वापरला जातो, आणि त्यातून बराच घोटाळा होतो. भेंडीवरील केवडा हा विषाणूजन्य रोग असून पांढरी माशी त्याचा प्रसार करते. बाजरी, ज्वारी व मका यांवरील केवडा बुरशीजन्य आहे. या रोगांवर हिराकसाचा काडीचाही उपयोग नाही. ज्या गावात भुईमुगावरील केवडा हिराकसाने गेला, त्या गावात पुढील हंगामात भेंडीवरही हिराकस फवारला जाणे अशक्य नाही. म्हणून नाव ऐकून औषध सांगू नये; पान पाहून सांगावे.

लोहाच्या कमतरतेची मुख्य खूण अशी की ती सर्वांत कोवळ्या पानांवर प्रथम दिसते. एकदा पानात स्थिर झालेले लोह तेथून निघून नव्या पानाकडे सहजासहजी जात नाही. त्यामुळे जुनी पाने हिरवी राहतात व शेंड्याकडील पाने पिवळी पडतात. नत्राचे याच्या नेमके उलट आहे. नत्र जुन्या पानांतून नव्या पानांकडे जाते, म्हणून नत्राच्या कमतरतेत खालची पाने आधी पिवळी होतात. शेतात उभे राहून एवढे पाहिले तरी युरियाचे पुष्कळ पोते वाचेल.

दुसरी खूण शिरांची. लोहाच्या कमतरतेत आरंभी शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. भुईमुगाच्या पानावर त्यामुळे हिरवी जाळी उठून दिसते. उसाच्या पानावर देठाकडून टोकाकडे हिरवे व पिवळे लांबट पट्टे दिसतात. कमतरता वाढली की शिराही फिकट होतात, पान पांढरे पडते व त्याच्या कडा करपतात. गंधकाच्या कमतरतेतही कोवळे पान पिवळे होते. परंतु त्यात शिरांसकट सर्व पान एकसारखे पिवळे दिसते. तणनाशकाचा फवारा उसावर पडल्यानेही पाने पिवळी-पांढरी होतात. तेव्हा मागील दोन-तीन आठवड्यांत काय फवारले, हे विचारून घ्यावे.

खोडव्यात सर्वांत अधिक फसवणूक होते ती गवताळ वाढीच्या रोगामुळे. या रोगात बेटातून गवतासारखे असंख्य बारीक फुटवे निघतात, पाने अरुंद व पांढुरकी असतात आणि त्या बेटात गाळपालायक ऊस तयार होत नाही. दुरून पाहता ते केवड्यासारखेच दिसते. भेद असा की गवताळ वाढीची बेटे शेतात सुटी सुटी विखुरलेली असतात, शेजारचे बेट अगदी हिरवेगार असू शकते. लोहाचा केवडा मात्र चुनखडीच्या वा ओलीच्या पट्ट्याला धरून सलग पसरतो. गवताळ वाढीचे बेट समूळ उपटून नष्ट करावे व त्या शेतातील बेणे घेऊ नये. त्यावर हिराकस फवारीत बसल्यास रोग मात्र पसरत राहील.

शंका राहिल्यास एक सोपी कसोटी आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून घ्यावा. त्यात कापसाचा बोळा बुडवून पिवळ्या कोवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर सायंकाळी हलकेच फिरवावा व त्या पानास दोरा बांधून ठेवावा. अशी आठ-दहा पाने निरनिराळ्या जागी करावीत. चार ते आठ दिवसांत ओला केलेला भाग हिरवा होऊ लागला व उरलेला तसाच राहिला, तर ती कमतरता लोहाचीच. फ्रान्समध्ये यूसेब ग्रीस यांनी १८४३-४४ साली लोहाचे क्षार पानांवर देऊन पिवळ्या पानांस हिरवेपण आणता येते हे दाखविले होते. ही कसोटी त्याच तत्त्वावर आधारलेली आहे. पावणेदोनशे वर्षांत पुष्कळ यंत्रे निघाली, पण बांधावर उभ्या असलेल्या माणसाला याहून भरवशाचे साधन मिळालेले नाही.

जमिनीची तपासणी अर्थातच करावी. २०१५ साली सुरू झालेल्या योजनेखाली मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत सामू, सेंद्रिय कर्ब इत्यादींबरोबर उपलब्ध लोहाचीही नोंद असते. दर किलो मातीत साडेचार मिलिग्रॅमहून कमी उपलब्ध लोह असल्यास ते कमी समजतात. परंतु हा आकडा पुरेसा दिसला तरी ओल व चुना यांमुळे केवडा पडू शकतो. म्हणून पत्रिकेसोबत शेतही पाहावे. चुना ओळखण्यास कोरड्या मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. माती जोराने फसफसली तर मुक्त चुना पुष्कळ आहे. आम्ल हाताशी नसेल तर लिंबाच्या ताज्या रसानेही चुनखडीच्या मातीवर बुडबुडे उठतात.

फवाऱ्याचे द्रावण

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. यात शेकडा सुमारे १९ भाग लोह असते. चांगला हिराकस फिकट निळसर हिरव्या स्फटिकांचा असतो. हवा लागून तो जुना झाला की त्यावर पिवळट तपकिरी भुकटी धरते. ही भुकटी म्हणजे फेरिक रूपात गेलेले लोह होय, व ते फवाऱ्यास निकामी. सबब खरेदी करताना पिशवीचा रंग पाहून घ्यावा, गरजेपुरताच माल घ्यावा आणि उरलेला घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या जागी ठेवावा.

द्रावण अर्धा टक्क्याचे करावे. पाठीवरच्या १५ लिटर पंपास ७५ ग्रॅम हिराकस व १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल पुरते. उसाच्या कोवळ्या खोडव्यास एकरी सुमारे २०० लिटर द्रावण लागते. म्हणजे एका फवाऱ्यास एक किलो हिराकस व २०० ग्रॅम सायट्रिक आम्ल. या एक किलोत लोह दोनशे ग्रॅमहूनही कमी असते. एवढ्याशा लोहाने एकरभर पिवळे पीक हिरवे होते, यावरून पानावाटे दिलेल्या लोहाचे मोल ध्यानात यावे.

मिसळण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाण्यात सायट्रिक आम्ल विरघळवावे व मग हिराकस टाकावा. बोअरचे पाणी जड असते. त्यात हिराकस थेट टाकला तर थोड्याच वेळात द्रावण गढूळ तपकिरी होते व तळाशी गाळ बसतो. असे द्रावण पानावर मारणे म्हणजे गंजाचे पाणी मारणे होय. आम्ल आधी टाकल्यास लोह फेरस रूपात टिकते. शक्य असल्यास नदीचे अथवा साठविलेले पावसाचे पाणी घ्यावे. द्रावण प्लास्टिकच्या बादलीत करावे, वस्त्राने गाळावे आणि केल्यावर त्याच वेळी संपवावे. रात्रभर ठेवलेले वापरू नये.

सायट्रिक आम्लाऐवजी हिराकसाच्या निम्मा विरलेला चुना मिसळण्याची जुनी पद्धत आहे. त्याने हिराकसाच्या आम्लतेमुळे पान करपण्याचा धोका टळतो. चुना वेगळ्या पाण्यात कालवून, निवळी गाळून मग ती द्रावणात घालावी. मात्र चुन्याने काही लोह साक्याच्या रूपात खाली बसते व तोटी तुंबते. सायट्रिक आम्ल आता तालुक्याच्या बाजारात सहज मिळते, तेव्हा त्यास पसंती द्यावी असे आमचे मत आहे. दोन्ही एकत्र मात्र कधीही घालू नयेत. एकाचे काम दुसरे मोडते.

उसात द्रावणाच्या शेकडा एक भाग युरिया, म्हणजे १५ लिटरला १५० ग्रॅम, मिसळला असता लोह पानात शिरण्यास मदत होते. डीएपी, मोनोअमोनियम फॉस्फेट किंवा स्फुरदयुक्त विद्राव्य खत यात मुळीच घालू नये, कारण स्फुरद व लोह यांचा अविद्राव्य साका बनतो. एका मजुरीत दोन कामे उरकावीत या हेतूने कीटकनाशक व बुरशीनाशक एकाच पंपात घालण्याची जी चाल पडली आहे, तिला येथे आवर घालावा.

फवारा सकाळी लवकर अथवा ऊन उतरल्यावर द्यावा. दुपारच्या उन्हात द्रावण चटकन वाळते, लोह पानात शिरत नाही आणि क्षाराने टोके करपतात. तोटी बारीक थेंबांची असावी व पोंग्यातील कोवळी पाने भिजतील असा रोख ठेवावा. जुन्या हिरव्या पानांवर पाडलेले द्रावण बहुतांशी व्यर्थ जाते. चिकटद्रव्य घातल्यास पानावर थर नीट बसतो. आठ ते दहा दिवसांच्या अंतराने दोन किंवा तीन फवारे द्यावेत. पहिल्या फवाऱ्याने जी पाने हिरवी होतात ती तशीच राहतात, पण त्यानंतर निघणाऱ्या नव्या पानास लोह पुन्हा द्यावे लागते. "एकदा मारले, गुण आला, पुन्हा पिवळे पडले, म्हणजे औषध खोटे," अशी तक्रार ऐकू येते, तिचे उत्तर हे आहे. जोर वाढविण्यासाठी द्रावण दोन टक्क्यांचे करण्याचा मोह टाळावा. त्याने कोवळी पाने हमखास भाजतात.

फवारा देताना प्रत्येक शेतात दोन सऱ्या तशाच सोडाव्यात. पंधरा दिवसांनी फवारलेल्या व न फवारलेल्या सऱ्यांतील फुटवे मोजले म्हणजे खर्च सार्थकी लागला की केवडा आपोआपच जात होता, हे शेतकऱ्यास स्वतःच्या डोळ्यांनी कळते. शेजाऱ्यांस दाखविण्यास याहून चांगले प्रात्यक्षिक नाही.

जमिनीतून द्यावयाचा हिराकस

कोरडा हिराकस शेतात फेकणे ही शुद्ध उधळपट्टी होय. चुनखडीच्या मातीस लागताच त्यातील लोह काही दिवसांतच अविद्राव्य होते. म्हणजे ८० हजार किलोंत आणखी दोन-चार किलोंची भर पडली, एवढेच. मात्र कुजलेल्या शेणखतात मुरवून दिल्यास सेंद्रिय आम्ले लोहास धरून ठेवतात व ते मुळांस दीर्घकाळ मिळत राहते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने उसासाठी, जमिनीत लोहाची कमतरता असल्यास, हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट शेणखतात मुरवून देण्याची शिफारस केली आहे. एकरी हिशेबाने १० किलो हिराकस व १०० किलो चांगले कुजलेले शेणखत घ्यावे, थर देऊन मिसळावे, ओल राहील इतके पाणी शिंपडून ढीग गोणपाटाने झाकावा व पाच-सहा दिवस मुरू द्यावा. नंतर हे मिश्रण खोडव्याच्या बगला फोडताना मुळांजवळ सरीत पडेल असे देऊन मातीने झाकावे. पसरून देऊ नये.

चिलेट नावाने मिळणारी लोहाची खते महाग आहेत व त्यांत भेद आहे. ईडीटीए प्रकारचे चिलेट फवाऱ्यास चांगले. परंतु सामू आठच्या वर असलेल्या जमिनीत दिल्यास चुन्यातील कॅल्शियम लोहाची जागा घेते आणि लोह सुटून निकामी होते. अशा जमिनीत ठिबकवाटे द्यावयाचे असेल तर ईडीडीएचए प्रकारचेच टिकते. उसासारख्या पिकास एवढा खर्च परवडणे कठीण. द्राक्षबागाईतदाराने त्याचा विचार करावा, आणि पुड्यावर कोणता प्रकार लिहिला आहे हे वाचून मगच पैसे मोजावेत.

पाणी, मळी व पाचट

फवाऱ्याने चालू पिकाची वेळ निभावते. पुढच्या खोडव्यात पुन्हा तेच होऊ नये, यासाठी पाण्याकडे लक्ष दिले पाहिजे. केवडा दिसताच पहिली गोष्ट म्हणजे पाण्याची पाळी लांबवावी व जमीन वाफशावर येऊ द्यावी. बगला फोडून हवा खेळती करावी. सखल भागात चर काढून पाण्याचा निचरा करावा. कालव्याचे पाणी पाळीने मिळते. पुढची पाळी केव्हा येईल याचा भरवसा नसल्याने आलेले पाणी भरून घेण्याकडे कल असतो, हे खरे आहे, आणि त्याबद्दल शेतकऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडे विहीर वा ठिबकाची सोय आहे त्यांनी तरी थोडे व वेळेवर पाणी देण्याचा नियम ठेवावा.

तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटल्यास फुटवे जमिनीखालून निघतात व त्यांस स्वतःची मुळे लवकर सुटतात. पाचट न जाळता सरीत कुजविल्याने सेंद्रिय द्रव्य वाढते. मात्र पाचट झाकलेल्या सरीत ओल अधिक काळ टिकते, म्हणून तेथे पाणी आणखी कमी लागते, हे विसरू नये. कारखान्याच्या मळीचा उपयोग चांगला होतो. पण मळी कोणत्या प्रक्रियेची आहे हे पाहावे. गंधकाच्या धुराने रस स्वच्छ करणाऱ्या कारखान्यांची मळी काळ्या जमिनीस उपयुक्त आहे. कार्बोनेशन पद्धतीच्या मळीत चुना पुष्कळ असतो, ती चुनखडीच्या शेतात टाकू नये. स्फुरदाची मात्राही माती तपासूनच द्यावी; गरजेपेक्षा अधिक स्फुरद लोहाच्या आड येतो.

भुईमुगाविषयी दोन शब्द. त्याचे पान उसाहून कोवळे, म्हणून फवारा अर्धा टक्क्याहून जास्त तीव्र नको. पेरणीनंतर तीस दिवसांच्या आत लक्षणे दिसताच पहिला फवारा द्यावा. सपाट वाफ्यापेक्षा रुंद वरंब्यावर पेरलेल्या भुईमुगात पाणी साचत नाही. उत्तर चीनमधील चुनखडीयुक्त जमिनींत भुईमुगासोबत मक्याचे आंतरपीक घेतल्यास भुईमुगावरील केवडा कमी होतो असे आढळले आहे. मक्याच्या मुळांनी सोडलेल्या द्रव्याचा लाभ शेजारच्या भुईमुगास होतो. आपल्याकडे एखाद्या वाफ्यात हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. संत्रा-मोसंबीच्या नव्या बागेसाठी चुनखडीच्या जमिनीत कलम घेताना खुंट कोणता आहे हे विचारावे. रंगपूर लिंबाचा खुंट चुना बऱ्यापैकी सोसतो. मात्र चुनखडीचा थर दोन-तीन फुटांवरच लागत असेल, तर तेथे फळबाग न लावणेच शहाणपणाचे.

गावातील शाळा, ग्रामपंचायत किंवा देवस्थान यांच्या आवारातील हरळीची हिरवळ पिवळी पडल्याबद्दलही विचारणा होते. काळ्या जमिनीवर व विशेषतः बांधकामाचा चुना-सिमेंट मिसळलेल्या भरावावर हे घडते. तेथेही हेच द्रावण चालते. शंभर चौरस मीटर हिरवळीस ३०० ग्रॅम हिराकस व ६० ग्रॅम सायट्रिक आम्ल ६० लिटर पाण्यात घालून सायंकाळी फवारावे. कापणीत हिरवा झालेला भाग निघून जातो, म्हणून कापणी झाल्यावर चार दिवसांनी, नवे पान आल्यावर फवारावे व गरजेप्रमाणे महिन्याने पुन्हा द्यावे. रोज सायंकाळी पाणी सोडण्याची सवय मात्र बंद करावी. फरशीवर, पांढऱ्या भिंतीवर व कपड्यांवर या द्रावणाचे गंजासारखे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. सबब कडेची फरशी आधी भिजवून घ्यावी, उडालेले थेंब लगेच धुवावेत, आणि काम संपल्यावर पंप व तोटी स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन ठेवावी.